प्रोपेलर शाफ्ट कापण्याआधी हे वाचा : बदललेल्या जीपला योग्य लांबीचा शाफ्ट कसा ठरवायचा, कसा बनवून घ्यायचा

जुनी जीप घ्यायची, चेसिस खरवडून रंगवायची, दमलेलं इंजिन उतरवून दुसरं बसवायचं, हा आपल्या सीमाभागातला जुना नाद आहे. कोल्हापूरचं शिवाजी उद्यमनगर किंवा बेळगावचं उद्यमबाग जवळ असल्यावर लेथ, वेल्डिंग, कास्टिंग यांपैकी कशाचंच अडत नाही. इंजिन बसतं, गिअरबॉक्स बसतो, गाडी सुरूही होते. आणि मग काम अडतं ते प्रोपेलर शाफ्टवर. जुना शाफ्ट चार बोटं लांब पडतो, नाहीतर आखूड. टर्नर विचारतो, "सेंटर टू सेंटर किती पाहिजे, सांगा." मालक टेप लावतो, एक आकडा सांगतो, नळी कापली जाते. निम्मी कामं इथंच बिघडतात.

कारण शाफ्टची लांबी हा एक आकडा नसतो. ते तीन आकडे असतात : गाडी सपाट जागी उभी असतानाची लांबी, चाक पूर्ण वर दाबलं गेल्यावरची लांबी आणि चाक पूर्ण खाली लोंबल्यावरची लांबी. हे तिन्ही हातात असल्याशिवाय नळीला कटर लावू नये. लेखात उदाहरण पाट्यांवरच्या जीपचं घेतलंय, पण हीच रीत मागच्या चाकांना शाफ्टने ताकद देणाऱ्या कुठल्याही गाडीला लागू पडते.

शाफ्ट नेमकं काय करतो

गिअरबॉक्स (फोर बाय फोर असेल तर ट्रान्सफर केस) चेसिसला बांधलेला असतो. मागचं हाउसिंग मात्र पाट्यांवर असतं, खड्ड्यागणिक वरखाली होतं. या दोघांना जोडून इंजिनाची फिरकी चाकांपर्यंत न्यायची, तीही दोघांमधलं अंतर आणि कोन सतत बदलत असताना, हे शाफ्टचं काम. कोन सांभाळतात ते दोन टोकांचे युनिव्हर्सल जॉइंट, म्हणजे आपल्या गॅरेजच्या भाषेत "क्रॉस". अंतर सांभाळतो तो सरकता योक : दातेरी दांडा, म्हणजे स्प्लाइन, आणि त्यावर आतबाहेर सरकणारी बाही.

लांबी चुकली की दोनच गोष्टी होतात. शाफ्ट लांब झाला तर मोठ्या खड्ड्यात सरकता योक तळाला टेकतो आणि पुढचा सगळा दणका गिअरबॉक्सच्या मागच्या बेअरिंगवर आणि पिनियनवर बसतो. केसिंग तडकतं, सील जातं, तेल गळायला लागतं. शाफ्ट आखूड झाला तर चाक खाली लोंबताना बाही स्प्लाइनवरून निसटते.

दुसरा प्रकार जिवावरचा आहे. शाफ्टचं पुढचं टोक सुटून रस्त्यावर पडलं की ते डांबरात रुतू शकतं आणि गाडीचा मागचा भाग उचलला जातो. शिवाय जुन्या जीपगाड्यांत हँडब्रेकचा ड्रम चाकांना नसतो, तो ट्रान्सफर केसच्या मागच्या टोकाला असतो. म्हणजे चोर्ल्याच्या किंवा आंबोलीच्या उतारावर मागचा शाफ्ट सुटला तर मागच्या चाकांना गिअरची पकडही नाही आणि हँडब्रेकही नाही. उरतो फक्त पायाचा ब्रेक, आणि फडफडणारा शाफ्ट त्याची पाईपही तोडू शकतो.

मोजमाप कधी घ्यायचं

इंजिन, गिअरबॉक्स, त्यांचे माउंटिंग रबर, पाटे, शॅकल, जे टायर कायम वापरायचे ते टायर, सगळं जागेवर बसल्यावरच. सीट, टाकी, बॅटरी, स्टेपनी यांचं वजनही गाडीवर असावं. हलक्या चेसिसवर घेतलेलं माप गाडी पूर्ण झाल्यावर चुकतं, कारण वजनाने पाटे बसतात.

गाडी सपाट फरशीवर, स्वतःच्या चाकांवर उभी हवी. जॅकवर उचललेल्या गाडीखाली हाउसिंग लोंबतं आणि माप जास्त येतं. घाईत होणारी सगळ्यात मोठी चूक हीच.

खाली शिरण्याआधी चारही चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी गुटके लावा. जुन्या जीपला हँडब्रेक ट्रान्सफर केसवर असेल तर शाफ्ट काढताक्षणी हँडब्रेक आणि गिअर दोन्ही निरुपयोगी होतात, हे विसरू नका.

माप कुठून कुठे

दोन्ही टोकांना फ्लँज असेल तर एका फ्लँजच्या सपाट चेहऱ्यापासून दुसऱ्याच्या चेहऱ्यापर्यंत मोजा. योक असतील तर एका क्रॉसच्या मध्यापासून दुसऱ्या क्रॉसच्या मध्यापर्यंत. टर्नरला माप देताना यातलं कुठलं माप आहे ते कागदावर लिहून द्या. "सहाशे सात" एवढंच तोंडी सांगितलं तर तो फ्लँजचं समजेल की क्रॉसचं, याची खात्री नाही.

मोजताना टेप शाफ्टच्या रेषेत, म्हणजे तिरकी धरायची. जमिनीला समांतर धरू नका. दोघांनी मिळून तीन वेळा मोजा, तिन्ही आकडे दोन मिलिमीटरच्या आत जुळले पाहिजेत.

मग हाउसिंगची हालचाल. चेसिसखाली भक्कम स्टँड लावून मागची चाकं लोंबू द्या, पाटे किंवा शॉकॲब्सॉर्बर जिथे अडवतील तिथे थांबतील. हे दुसरं माप. तिसऱ्या मापासाठी हाउसिंग बंपस्टॉपच्या रबराला टेकायला हवं. गाडीत वजन भरून किंवा पाट्यांची मधली पानं तात्पुरती काढून जॅकने हाउसिंग वर घेऊन ते मिळतं. तेवढी सोय नसेल तर हाउसिंग आणि बंपस्टॉपमधलं अंतर मोजा आणि हिशोब करा.

एक हिशोब करून बघू

समजा क्रॉसच्या दोन मध्यांमधलं आडवं अंतर 600 मिलिमीटर आहे आणि पिनियन गिअरबॉक्सच्या टोकापेक्षा 90 मिलिमीटर खाली आहे. शाळेतला काटकोन त्रिकोणाचा नियम लावायचा : 600 चा वर्ग अधिक 90 चा वर्ग, त्याचं वर्गमूळ. उत्तर येतं सुमारे 607 मिलिमीटर. ही उभ्या गाडीची लांबी.

चाक आणखी 100 मिलिमीटर खाली लोंबलं तर उभं अंतर 190 होतं आणि लांबी 629 च्या आसपास. चाक 70 मिलिमीटर वर दाबलं गेलं तर उभं अंतर 20 उरतं आणि लांबी 600. म्हणजे सरकत्या योकला एकूण 29 मिलिमीटरची ये-जा करावी लागणार.

आता तुमच्याकडच्या योकची पूर्ण सरक 90 मिलिमीटर आहे असं धरा. सगळ्यात आखूड स्थितीतही तळाला टेकायला 25 मिलिमीटर शिल्लक असावेत, हा सर्वसाधारण नियम. 600 मधून 25 वजा, म्हणजे शाफ्ट पूर्ण बंद असताना 575 मिलिमीटर. उभ्या गाडीत तो 32 मिलिमीटर बाहेर आलेला असेल, पूर्ण लोंबल्यावर 54. अजून 36 मिलिमीटर हातात राहतात. सपाट जागी योक आपल्या सरकेच्या साधारण एक तृतीयांश बाहेर असावा असं जुने मिस्त्री सांगतात, ते या हिशोबाशी बरोबर जुळतं. पूर्ण लोंबलेल्या स्थितीत दातांची पकड किती उरते तेही बघा. स्प्लाइनच्या व्यासाच्या दीडपट तरी दांडा बाहीत असावा.

म्हणजे टर्नरला द्यायचा आकडा 607 नव्हे. "बंद असताना 575, सरक 90, गाडीवर बसताना 607" असं पूर्ण सांगायचं.

या हिशोबात एक गोष्ट धरलेली नाही. पाटा दाबला की सपाट होतो, सपाट झाला की लांब होतो आणि शॅकल नसलेलं टोक पक्कं असल्यामुळे हाउसिंग शॅकलच्या दिशेने थोडं सरकतं. मागच्या पाट्याचं शॅकल मागे असेल तर चाक वर जाताना हाउसिंग थोडं मागेही जातं, म्हणजे लांबी हिशोबापेक्षा थोडी जास्त भरते. किती, ते पाट्याच्या कमानीवर ठरतं. म्हणून हिशोब हा अंदाज, प्रत्यक्ष माप हाच पुरावा.

लांबीपेक्षा कोन जास्त दगा देतो

वरच्याच जीपला 50 मिलिमीटरची, म्हणजे दोन इंचांची लिफ्ट दिली तर? उभं अंतर 140 होतं. लांबी 607 वरून 616, फक्त 9 मिलिमीटरचा फरक. सरकता योक तो पचवून टाकेल. पण शाफ्टचा उतार साडेआठ अंशांवरून 13 अंशांवर जातो. "लांबी पुरतेय की" म्हणून सोडून दिलं, तर क्रॉस महिन्या-दोन महिन्यांत वाजायला लागतात ते यामुळे.

दुसरं उदाहरण. नवा गिअरबॉक्स जुन्यापेक्षा 100 मिलिमीटर लांब निघाला तर आडवं अंतर 500 उरतं, शाफ्ट 508 चा होतो आणि लिफ्ट न देताही उतार 10 अंशांच्या वर जातो. शाफ्ट आखूड झाला की कोन आपोआप वाढतो. म्हणून शक्य असेल तर इंजिन-गिअरबॉक्स बसवतानाच तो जितका पुढे घेता येईल तितका घ्यावा. माउंटिंग वेल्ड झाल्यावर शाफ्टचा विचार करणं म्हणजे वरातीमागून घोडं.

क्रॉसचा स्वभाव असा की तो कोनात फिरला की पलीकडची बाजू एकसारख्या वेगाने फिरत नाही. एका फेरीत दोनदा थोडी पुढे धावते, दोनदा मागे पडते. दहा अंशांना हा फरक सुमारे दीड टक्का, वीस अंशांना सहा टक्के. पहिल्या क्रॉसने केलेला हा घोळ दुसरा क्रॉस उलटा फिरवून मिटवतो, पण दोन अटींवर.

पहिली अट : शाफ्टच्या दोन्ही टोकांचे योक एका रेषेत हवेत. ग्रीसिंगसाठी सरकता योक काढला आणि एक दात चुकवून परत बसवला तरी गाडी थरथरते. काढण्याआधी दोन्हीवर रंगाची एक सरळ खूण मारून ठेवा.

दुसरी अट : दोन्ही क्रॉसचे कोन सारखे हवेत. त्यासाठी गिअरबॉक्सचं टोक आणि पिनियन एकमेकांना समांतर ठेवतात. आपल्या उदाहरणात गिअरबॉक्स मागे 3 अंश खाली झुकलेला असेल तर पिनियन पुढे 3 अंश वर बघायला हवं. मग साडेआठ अंशांच्या शाफ्टला दोन्ही क्रॉसवर साडेपाच अंशच पडतात. दोन कोनांत एक अंशापेक्षा जास्त फरक राहू देऊ नका. कोन दाखवणारा साधा डिजिटल गेज किंवा मोबाईलमधलं लेव्हल मशीन केलेल्या सपाट चेहऱ्यावर धरून हे मोजता येतं. फरक आला तर पाट्याच्या पॅडखाली पाचर घालून पिनियन फिरवता येतं.

किती कोन चालतो? ते फेऱ्यांवर आहे. सतत 3,000 फेऱ्यांना क्रॉसवर सहा अंशांच्या आत, 2,000 फेऱ्यांना साधारण साडेआठच्या आत. उलट कोन शून्यही नको. अर्धा-एक अंश तरी असावा, नाहीतर कपातल्या सुया जागच्या जागी राहून खड्डे पाडतात. जास्त लिफ्ट असेल तर ट्रान्सफर केसकडे दोन क्रॉसचा डबल जॉइंट बसवतात. मात्र तेव्हा समांतरचा नियम बदलतो आणि पिनियन सरळ शाफ्टच्या रेषेत वळवावं लागतं.

लांब शाफ्टचा वेगळा धोका

आखूड जीपमध्ये हा प्रश्न येत नाही. लांब चेसिसची गाडी किंवा पिकअप बनवताना येतो. प्रत्येक नळीची एक फेऱ्यांची मर्यादा असते. तिच्याजवळ गेली की नळी मधून धनुष्यासारखी वाकून फिरायला लागते. लांबी दुप्पट केली तर ही मर्यादा एक चतुर्थांश उरते.

बाहेरून 63.5 आणि आतून 59 मिलिमीटर व्यासाची पोलादी नळी घ्या. 1,200 मिलिमीटर लांबीला ही मर्यादा 7,300 फेऱ्यांच्या आसपास येते, 1,500 ला 4,700 आणि 1,800 ला जेमतेम 3,260. आता टायरचा व्यास 74 सेंटिमीटर आणि क्राऊन-पिनियनचं गुणोत्तर 4.5 धरलं तर ताशी 100 किलोमीटरला शाफ्ट मिनिटाला सुमारे 3,200 फेऱ्या मारतो. म्हणजे 1,800 चा एकसंध शाफ्ट हायवेवर नेमका मोडायच्या वेगावर फिरणार. मर्यादेच्या 65 ते 75 टक्क्यांच्या पुढे जायचं नाही हा नियम. उपाय दोन : जाड व्यासाची नळी, किंवा शाफ्टचे दोन तुकडे करून मध्ये सेंटर बेअरिंग.

भंगारात शोधायचा की नवा बनवायचा

आधी शोधा. योग्य लांबीचा मूळ शाफ्ट मिळाला तर तो सगळ्यात चांगला, कारण तो बॅलन्स केलेला असतो. भंगार बाजारात जाताना फक्त लांबी नेऊ नका. व्हर्नियरने घेतलेली ही मापं खिशात हवीत : क्रॉसच्या कपाचा व्यास, समोरासमोरच्या कपांमधलं अंतर, फ्लँजचे बोल्ट किती आणि त्यांच्या वर्तुळाचा व्यास, फ्लँज मध्ये बसवणाऱ्या कड्याचा व्यास. मिळालेला शाफ्ट हातात धरून सरकता योक फिरवून बघा. स्प्लाइनमध्ये खडखड जाणवली तर तो सोडून द्या.

थोडा लांब शाफ्ट मिळाला तर तो कापून आखूड करता येतो. आखूड शाफ्टला मध्ये तुकडा जोडून लांब करणं मात्र टाळा. त्याऐवजी पूर्ण नवी नळी घाला. नळी प्रोपेलर शाफ्टसाठीचीच हवी. पाण्याची जीआय पाईप अजिबात नको. तिची भिंत सारख्या जाडीची नसते आणि जस्ताच्या लेपावर वेल्डिंग धड बसत नाही, वर त्याचा धूर वेल्डरला बाधतो.

वर्कशॉपमध्ये कामाचा क्रम असा असावा :

1. कापण्याआधी दोन्ही योकमधून जाणारी सरळ रेघ नळीवर पंचने आखून घ्यावी.
2. एका टोकाचं जुनं वेल्डिंग लेथवर टर्न करून काढावं. ग्राइंडरने हाताने कापलेलं टोक गुण्यात येत नाही.
3. नळी मापाला काटकोनात कापावी. योकचं टोक नळीत घट्ट, ठोकून बसणारं हवं. सैल बसत असेल तर वेल्डिंगने भरून काढू नये.
4. रेघ जुळवून चार ठिकाणी टॅक मारावेत आणि लेथवर डायल गेज लावून फिरवावं.
5. टोकांजवळ पाव मिलिमीटर आणि मध्ये 0.4 मिलिमीटरपेक्षा जास्त हालता कामा नये. जास्त असेल तर टॅक असतानाच सरळ करावं.
6. मग समोरासमोर थोडं थोडं करत पूर्ण वेल्डिंग, आणि थंड झाल्यावर परत डायल गेज.
7. शेवटी बॅलन्सिंग मशीनवर. हा खर्च वाचवू नका. नाहीतर वेग वाढला की आधी सीट थरथरते आणि पुढे गिअरबॉक्सचं सील जातं.

बसवल्यावर

क्रॉस आणि सरकता योक दोन्हीला ग्रीस भरा. फ्लँजचे बोल्ट मूळ ताकदीचे, सेल्फ-लॉक नटसह घाला. पुढच्या क्रॉसजवळ पोलादी पट्टीचं कडं चेसिसला बांधा. शाफ्ट सुटलाच तर तो रस्त्यावर न पडता त्यात अडकतो. पहिली फेरी रिकाम्या रस्त्यावर, ताशी 40 च्या आत. पन्नास किलोमीटरनंतर बोल्ट पुन्हा आवळा. एकदा मोठ्या खड्ड्यातून जाऊन खाली बघा : स्प्लाइनवरच्या ग्रीसमध्ये सरकल्याची खूण कुठपर्यंत आलीय त्यावरून तुमचा हिशोब बरोबर होता का ते लगेच कळतं.

कागदपत्रांचं काय

मूळ मापाचा शाफ्ट बदलणं ही दुरुस्ती झाली, तिला कुणाची परवानगी लागत नाही. पण शाफ्ट वेगळ्या लांबीचा लागतोय याचा अर्थ बहुतेक वेळा इंजिन, गिअरबॉक्स किंवा चेसिस बदललंय. मोटर वाहन कायदा 1988 च्या कलम 52 नुसार उत्पादकाने ठरवलेल्या मूळ तपशिलापेक्षा गाडी वेगळी करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी 2019 मध्ये हेच ठामपणे सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर मालकाला अशा प्रत्येक बदलासाठी 5,000 रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. इंजिन बदलायचं असेल तर आधी आरटीओची परवानगी आणि नंतर आरसी बुकात नोंद, हाच मार्ग.

कायदा केंद्राचा आहे, त्यामुळे पाटी केए-22 असो, एमएच-09 असो की जीए, नियम तेच. गाडी एका राज्यात नोंदलेली आणि बारा महिन्यांपेक्षा जास्त दुसऱ्या राज्यात ठेवलेली असेल तर तिथे नव्याने नोंदणी करावी लागते, हेही सीमेवरच्या लोकांनी लक्षात ठेवावं. परवानगीशिवाय बदललेल्या गाडीला अपघात झाला तर विम्याचा दावा अडकू शकतो.

टर्नरकडे जाताना खिशात असावा असा कागद

- उभ्या गाडीची लांबी, आणि ती फ्लँजची की क्रॉसची
- पूर्ण दाबलेल्या आणि पूर्ण लोंबलेल्या स्थितीची लांबी
- योकची पूर्ण सरक आणि बंद असतानाची हवी ती लांबी
- गिअरबॉक्स, शाफ्ट आणि पिनियन यांचे कोन
- क्रॉस आणि फ्लँजची मापं
- टायरचा व्यास, क्राऊन-पिनियनचं गुणोत्तर आणि गाडी चालवायचा जास्तीत जास्त वेग

हा कागद भरायला अर्धा दिवस जातो. तो भरलेला असला की "सेंटर टू सेंटर किती" या प्रश्नाला उत्तर देता येतं, आणि नळी एकदाच कापावी लागते.